उपडा कप

ता. ४ मार्च
चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल. सामाईक घरात आता मोजकी माणसं उरलीत, टेबल मात्र तेच लांबलचक. मीठ मागायचं तर हाक मारावी लागते. आणि मागावं लागतंच, कारण आचारीबुवांच्या हाताला मीठ अजून सापडलेलं नाही.

चहाच्या कपांच्या फळीला रंग द्यायचाय. सगळ्यांचे कप उतरवले, तुझा राहिला. तू गेलीस तरी अजून उपडाच आहे. ज्याचा कप उपडा त्याला एकटं राहायचंय, त्याला कुणी काही विचारायचं नाही, आणि कप ज्याचा त्यानेच सुलटा करायचा. नियम तुझाच, म्हणून तुलाच विचारतो, उचलू का? कप सोडून भोवतीनं रंग देणं माझ्यासारख्या सुताराला शोभत नाही.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझा दादा

ता. ११ मार्च
ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग रडले. शिवणाच्या दुकानावरची ही खोली माझी एकटीची. वाटेल तेव्हा जेवते, वाटेल तेव्हा झोपते, आणि ते सुख खोटं नाही. पण भांडी घासताना तुमची आठवण येते. माझ्या पाळीला तू मुद्दाम करपलेली कढई ठेवायचास.

आई गेल्यावर कप उपडा केला तो दोन दिवसांपुरता. मग रोज वाटायचं, कुणीतरी विचारेल. तुम्ही कसले शहाणे, पाऊल न वाजवता जायचात. तू तर माझ्या दाराची कुरकुरसुद्धा तेल घालून बंद केलीस. बॅग भरली तरी कुणी अडवलं नाही. वाटलं, मी कुणाला नकोच असेन. आपलेच दात, आपलेच ओठ, बोलणार कुणाला?

मोठ्यांना नमस्कार. माया असू दे.
तुझी चिमणी

ता. १५ मार्च
चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र टेबलावर वाचून दाखवलं. आचारीबुवा म्हणाले, त्या दिवसांत ते रोज ताट घेऊन तुझ्या दारापर्यंत यायचे आणि नियम आठवून मागे फिरायचे. मीही तसाच दारापर्यंत येऊन फिरायचो; मला वाटायचं, तसा मी एकटाच.

नियम मोडायला घराची सभा लागते, ती न बोलावता तुझा कप सुलटा केला. शिक्षा म्हणून आठवडाभर भांडी माझ्याकडे आहेत. तुझी खोली सोडू नकोस. पण तेव्हा विचारायचं राहिलं ते आज विचारतो. चिमणे, काय होतंय गं तुला? घरी येतेस का?

वाट पाहणारा,
दादा

ता. २० मार्च
ती. दादास,
सा. न. वि. वि.

शनिवारी येते, दोन दिवसांसाठी. पुढचं पुढे बघू. कढई राखून ठेव. आणि माझ्या दाराला आता तेल घालू नकोस. मी आलेलं सगळ्यांना ऐकू जाऊ दे.

तुझी चिमणी