मयत नसताना विलाप

अल्मा-अताहून, उर्किया धाकटीला थोरलीचा सलाम.

आधी आली शेजारची बातिमा, ओरडतच. "अगं आजे, मोटार तुझ्याच दाराशी!" मागून तीन रेडिओवाले. माझा आवाज साऱ्या माळावर ऐकवणार म्हणे! मी हरखले, चहात दूधसुद्धा जास्त घातलं.

पण त्यांना हवाय, नवरा गेला तेव्हा मी गायले तो विलाप. म्हटलं, "बाळांनो, मयत नसताना गायलं तर विलाप मयत शोधत फिरतो." हसले मेले. "आजी, तो तर नुसता वाऱ्यावर जाईल!"

तीच तर भीती गं. तुमच्याही गावात रेडिओचा भोंगा लागलाय ना? पण त्यांना नाही कसं म्हणू, माझा नातू तोकेन त्यांच्याकडेच नोकरीला.

तुझा खोकला थांबला का? थांबला असेलच. तरी कुणाच्या हाती लगेच निरोप धाड. विलाप टिपायला शुक्रवारी परत येतो म्हणालेत.