एकुलता एक नमुना

४ एप्रिल
शोध लागला! संग्रहालयाच्या कुंपणावर चिमुकला कोळी. तांबूस, मोहरीएवढा, कुठल्याच पुस्तकात नाही. नवी जाती! जन्मभर इतरांच्या शोधांची लेबलं लिहिली. मेअखेर रिटायर. आता नाही तर कधीच नाही.

५ एप्रिल
पूर्वी एकेका जीवाचं नाव म्हणजे ओळभर वर्णन असे. मग दोन शब्दांची पद्धत आली. आधी घराण्याचा शब्द, मग स्वतःचा. मला फक्त दुसरा हवाय. स्वतःचंच नाव देणं बरं दिसत नाही म्हणे. हरकत नाही, बायकोच्या आडनावाने देईन. लग्नापासून ते माझंच आहे. तिला म्हटलं, तुझा गौरव करतोय. ती म्हणाली, त्यासाठी कोळीच सापडला का? पण लगेच बहिणीला फोन. आता माघार नाही.

९ एप्रिल
घात! शेजारच्या टेबलावरच्या बाईंनाही त्याच कुंपणावर नवी जाती मिळाली. काळीकुट्ट मादी, द्राक्षाएवढी. वर विचारतात कशा, तुमचा तो हिचा नर तर नसेल? मी उखडलोच. मोहरी आणि द्राक्ष, संसार होईल का? साहेब म्हणाले, एकच जाती निघाली तर आधी छापलेलं नाव टिकेल.

१२ एप्रिल
बाई टाइप करतायत. प्रत्येक टकटक छातीत. माझा लेख: शीर्षक तयार. नावाचा आधार असलेला नमुना कायमचा जपावा लागतो, अल्कोहोलमध्ये. पण बुडवायला हात धजेना. बाटलीतून बघतो माझ्याकडे. उद्या नक्की.

१६ एप्रिल
बाईंचा लेख गेला. पण युक्ती सुचली! दोघांना साहेबांसमोर एका बरणीत सोडायचं. जाती वेगळी, म्हणजे ढुंकून बघणार नाहीत. बाई म्हणाल्या, अहो, माझ्याकडे आणखी माद्या आहेत, तुमच्याकडे एकच आहे, राहू द्या. घाबरल्या!

१७ एप्रिल, सकाळ
सोडला. त्याने आधी पाय आपटून ताल धरला. ती स्तब्ध. साहेब म्हणाले, जुनी ओळख दिसते. मग जे व्हायचं ते झालं. मी म्हणालो, योगायोग. साहेबांनी चष्मा काढून पुसला. तेवढ्यात तिने त्याला धरलं. मी चिमटा शोधेपर्यंत खाल्लासुद्धा. पायांसकट.

संध्याकाळ
फार वाईट वाटतंय. त्याच्यासाठीही. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, बिचारा. कोण, ते विचारायचं धाडस झालं नाही.

३१ मे
शेवटचा दिवस. बाईंचा लेख छापून आलाय. शेवटी माझे आभार, नराविषयीच्या माहितीबद्दल. बायकोने बहिणीला तेवढंच वाचून दाखवलं.
जाताना साहेबांनी एक काम दिलं, बाईंच्या कोळिणीचं लेबल. बाईंनी दिलेलं नाव लिहिलं. खाली लिहिलं, नर: उपलब्ध नाही.
अक्षर छान आलं.