न कापलेली पाने

१३ फेब्रुवारी १९६९

प्रिय लेआन्द्रोस,

अक्षरावरून ओळखले असशील. ओळी सरळ नाहीत याची मला लाज वाटते. पण टेबलाऐवजी गुडघा आहे, आणि बोटांना थंडीने भेगा पडल्या आहेत. अकरा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आता लिहिते आहे ती या बेटावरून. येथून अधिकृत पत्र महिन्यातून दोनदा जाते: दहा ओळी, प्रकृती आणि हवामान, बाकी काही नाही. हे पत्र त्या वाटेने आलेले नाही. ज्या स्त्रीने ते तुझ्या हाती दिले तिचे नाव फिलिओ. तिला आधी बसव, काहीतरी गरम खायला घाल, आणि ती स्वतः होऊन सांगेपर्यंत तिला काही विचारू नकोस.

माझ्या अटकेची हकिकत तुझ्यापर्यंत पोहोचली असेल तर ती बहुधा शौर्यकथा होऊन पोहोचली असेल. तसे काही नव्हते. कर्नल मंडळी सत्तेवर आली त्या वसंतात दोन पोलीस विद्यापीठातल्या आमच्या विभागात आले आणि एका विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका मागू लागले. तपासून न झालेली उत्तरपत्रिका मी कोणालाही देत नाही, असे मी म्हटले. त्यांना तो आधी विनोद वाटला, मग उद्धटपणा, आणि संध्याकाळपर्यंत राजद्रोह. मी आयुष्यात कोणत्याही पक्षाची सभासद नव्हते. लेखकसंघाचीसुद्धा नव्हते, कारण त्यांची इतिवृत्ते फार गचाळ असतात.

येथे आम्ही चोवीस जणी पत्र्याच्या एका लांब खोलीत राहतो. सुटकेचा मार्ग एकच, आणि तो तुलाही ठाऊक आहे: पश्चात्तापाच्या निवेदनावर सही. 'माझी पूर्वीची मते मी मागे घेत आहे.' जी सही करते तिच्याशी त्या क्षणापासून खोलीतले कोणी बोलत नाही. ती बोटीत चढेपर्यंत दाराजवळच्या वाऱ्याच्या खाटेवर एकटी झोपते. हा नियम कोणी लिहिलेला नाही, म्हणून तो कोणी मोडतही नाही. जानेवारीत छावणीच्या प्रमुखाने मला बोलावून घेतले. "बाईसाहेब, अहो दोन ओळी आहेत," तो म्हणाला. "तुमच्यासारख्या विदुषीला दोन ओळी जड व्हाव्यात? पंधरा फेब्रुवारीच्या बोटीने घरी जा, कॉफी प्या, पुस्तकं वाचा." मी मुदत मागून घेतली. तुझ्यापासून लपवत नाही, मी सही करणार होते. माझा युक्तिवाद निर्दोष होता: जी मते मी कधी बाळगलीच नाहीत ती मागे घेतल्याने माझे काय जाते? माझ्यामागून निदान सहा जणी सही करतील, हे प्रमुखाला ठाऊक होते आणि मलाही. ते मी युक्तिवादातून वगळले होते.

त्याच आठवड्यात माझ्या बहिणीचे, पोलिक्सेनीचे, पार्सल आले. लोकरीचे मोजे, बिहीच्या फळाच्या वड्या, आणि एक पुस्तक. तिला पुस्तकातले काही कळत नाही. कपाटातले सर्वांत नवे दिसणारे तिने उचलले असणार. टपाल तपासणाऱ्या सार्जंटने ते उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "कशावर आहे?" मी म्हटले, मिठावर. "मीठ चालेल," असे म्हणून त्याने शिक्का मारला. तुझी कादंबरी अशी या बेटावर आली.

दुपारी पाणी वाहून झाले की तास-दीड तास आम्हांला शिवणकामाला मिळतो. त्या वेळी काहीतरी वाच, असा आग्रह सुरू झाला. मी नकार दिला. याहून थोर पुस्तके मला तोंडपाठ आहेत, ती म्हणून दाखवते, असे सांगितले. त्यावर मारिगो उसळली. ती कावालाची, चाळीस वर्षे तंबाखूच्या वखारीत पाने निवडली आहेत, आणि माणसेही ती पानांसारखीच निवडते. "बाई, पाठ असलेलं तुमचं तुम्हालाच लखलाभ. ते आम्ही ऐकणार आणि तुम्ही वर परीक्षा घेणार! आम्हाला असलं वाचा, की पुढं काय होणार ते तुम्हालाही माहीत नाही." सगळ्या हसल्या. मी म्हटले, हे पुस्तक मी वाचलेले आहे आणि ते सामान्य आहे. "आम्हीपण सामान्यच आहोत," मारिगो म्हणाली, "वाचा."

मी वाचू लागले, आणि माझ्या आवाजातला तिरस्कार मला स्वतःला ऐकू येत होता. तुझ्या खाडीकाठच्या त्या गावात नवरा परत न आलेली स्तामातिना त्याच्या वाट्याच्या मिठागरात उतरते, तिथे माझा आवाज पहिल्यांदा नीट झाला. मारिगोने सुई थांबवली. "हिच्या हाताला मीठ लागलंय हे लिहिणाऱ्याला कसं कळलं? आमच्या हाताला तंबाखू लागते ती अशीच, नखाच्या मुळाशी." तेच वाक्य मी १९५८ साली तुझ्या कादंबरीवर मासिकात लिहिलेल्या लेखात 'तपशिलाचा सोस' याचा नमुना म्हणून उद्धृत केले होते. त्या लेखाचा शेवट अथेन्समध्ये वर्षभर लोकांच्या तोंडी होता: पूर्वार्धात जे साचते ते उत्तरार्धात मिठासारखे विरघळून जाते. मला तो फार आवडला होता. त्यानंतर तू काही लिहिले नाहीस. वोलोसला मुलांना भूगोल शिकवतोस असे ऐकते.

सहाव्या दुपारी मी पान एकशे शहात्तरवर आले, आणि पुढचे पान उलटेना.

आपल्याकडचे प्रकाशक पाने जोडलेलीच विकतात, वाचणाऱ्याने ती सुरीने कापून घ्यायची असतात, याचा मला इतका राग कधी आला नव्हता. तेवीस बायकांसमोर पुस्तक माझ्या मांडीवर होते. अर्ध्यापर्यंत कापलेले, आणि तिथून शेवटपर्यंत छापखान्यातून आले तसे कोरे, घट्ट. मारिगोने मान वाकवून पाहिले. "अगं बाई! तुम्ही तर वाचलंय म्हणालात ना?" माझ्या लेखाबद्दल त्यांना कोणालाच माहिती नव्हती. मी सहज सुटू शकले असते. पण मी गप्प आहे एवढेच तिला पुरले. येथे सुरी बाळगायला मनाई आहे. तिने केसांतला आकडा काढला, पुस्तक ओढून घेतले, आणि ज्या हाताने पानाची शीरही न दुखावता तंबाखू निवडतात त्या हाताने एकेक पान मोकळे केले. एकही कड फाटली नाही. मग परत देताना हळूच म्हणाली, "घ्या. आता आपण सगळ्या सारख्याच."

मी त्या पानावर का थांबले होते, हे तुला कधी कळले नसेल. त्या प्रकरणात एक शिक्षिका येते, जी मयताच्या घरी सांत्वनाला आलेल्यांची वाक्ये दुरुस्त करते. ती मी आहे, असे मला वाटले. आपण लग्नाची तारीख तेव्हा तिसऱ्यांदा पुढे ढकलली होती. मी कागद कापायची सुरी खाली ठेवली आणि लेख लिहायला घेतला. आता उत्तरार्ध वाचला तेव्हा कळले की ती शिक्षिका पुढे फक्त एकदा येते, कोणाचा तरी कंदील धरून, आणि निघून जाते. ते पुस्तक माझ्याबद्दल नव्हतेच. अकरा वर्षे मी ज्या अपमानावर जगले तो मला कोणी केलाच नव्हता.

फिलिओने सही केली ती त्यानंतर दोन दिवसांनी. तिची मुलगी चार वर्षांची आहे, आणि आजी वारल्यामुळे शेजाऱ्यांकडे आहे. ती कचेरीतून आली, कोणाकडे न पाहता आपले अंथरूण उचलून दाराजवळच्या खाटेवर गेली. खोलीने पाठ फिरवली. मीही फिरवली. मी तर अधिकच, कारण मी तेच करणार होते आणि अजून केले नव्हते.

मंगळवारी आम्ही शेवटाकडे आलो. अवेळी पाऊस येतो आणि वर्षभराचे मीठ एका दिवसात पाणी होऊन जाते. तुला हे सांगणे हास्यास्पद आहे, तूच लिहिले आहेस. पण मी ते कसे ऐकले हे तुला ठाऊक नाही. पत्र्यावर वारा आपटत होता, कोणाचीही सुई चालत नव्हती. सकाळी अर्धे गाव शहराकडे निघते. आणि मग ते वाक्य, लेआन्द्रोस. स्तामातिना दंताळे खाली ठेवते, गाडीत चढणाऱ्या प्रत्येकीचे गाठोडे तिचा पाय वर पडेपर्यंत हातात धरते, नंतर बांधावर परत जाते आणि बांधातल्या पाण्याच्या दाराची, उघाडीची, फळी वर ओढून समुद्राला पुन्हा आत घेते. सगळे एकाच वाक्यात. जाणाऱ्यांना दोष नाही, राहणारीचे कौतुक नाही. मी तीस वर्षे वाक्ये तोलली आहेत. असे समतोल वाक्य माझ्या हाताखालून कधी गेले नव्हते, आणि ज्या पानावर ते होते ते पान मी कापले नव्हते.

मी पुढे वाचू शकले नाही. घसा दुखतो, असे खोटे सांगितले. कोणी आग्रह केला नाही. मग मारिगो, जी पाच दिवस फिलिओच्या सावलीलाही उभी राहिली नव्हती, दाराकडे न पाहता म्हणाली, "पोरी, तिथं वारा लागतोय. इकडे सरक की. का तुला आता आमंत्रणपत्रिका छापू?" फिलिओ उठली, दोन पावले आली आणि रडू लागली. कोणीतरी तिच्यासाठी जागा केली, कोणीतरी घोंगडीचे टोक पुढे केले. मी तिच्या कोटाचे तुटलेले बटण लावून दिले. वाईट लावले, मला शिवता येत नाही. येथे दीड वर्षात जे कोणाच्या उपदेशाने झाले नाही ते एका वाक्याने माझ्या डोळ्यांदेखत झाले. मी आयुष्यभर शब्दांचे सामर्थ्य शिकवले, परीक्षेत त्यावर प्रश्न घातले, आणि ते खरे असते हे मला माहीत नव्हते.

आज सकाळी मी कचेरीत गेले. प्रमुखाने लेखणी पुढे केली. मी निवेदन पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचले आणि परत दिले. शनिवारच्या बोटीत मी नसेन, आणि बाकीच्या सहा जणीही नसतील. तो चिडला नाही, थकल्यासारखा म्हणाला, "मागे घ्यावं असं एकही मत नाही तुमच्याकडं?" एवढा योग्य प्रश्न मला या राजवटीतल्या कोणीच विचारला नव्हता. मी दुपारभर माझी सारी मते तपासली. एक सापडले. ते त्याच्या कागदात बसत नाही, आणि माझे नाव छापायला आता बंदी असल्यामुळे मासिकातही बसणार नाही. म्हणून हे पत्र. तुझ्या पुस्तकाच्या उत्तरार्धाविषयी मी जे लिहिले तो प्रत्येक शब्द उत्तरार्ध न वाचता लिहिला. ते मत मी मागे घेत आहे. क्षमा मागत नाही, ती मागण्याइतके आपले नाते उरले आहे की नाही हे तू ठरव. फक्त एवढे जाणून घे की तुला गप्प करणारा निकाल खोटा होता, आणि तो देणारीला ते माहीत होते. हे पत्र हवे त्याला दाखव.

या वेळी पूर्ण वाचून सही करणारी,
तुझीच
एवान्थिया