खिशातला फ्यूज

ता. ५ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. जेवण वेळेवर होतं, झोपेचं मात्र विचारू नकोस. मला वायरिंग शिकवणारे उस्ताद बांधकामावरून पडून वारले, तेव्हापासून रोज स्वप्नात ते गच्चीवरून पडतात आणि मी नुसता बघत राहतो. काम सोडावंसं वाटतंय.

एक उपाय सापडलाय. स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ हे ओळखायला शिकता येतं म्हणे. दिवसा अधूनमधून दिव्याचं बटण दाबायचं आणि स्वतःला विचारायचं, मी जागा आहे का? स्वप्नात दिवा बटणाचं ऐकत नाही. सवय मुरली की झोपेतही हात बटणाकडे जातो. एकदा ओळखलं की मी त्यांच्यामागे उडी टाकणार आणि त्यांना हवेतच धरणार. भाऊजींना सांगू नकोस, वर्षभर हसतील.

लोभ आहेच, तो झोपेतही असू दे.
तुझा धाकोबा

ता. १२ फेब्रुवारी

चि. धाकोबास,
अ. उ. आ.

तुझे भाऊजी हसले नाहीत, मीच हसले. लहानपणी झोपेत चालत जाऊन शेजाऱ्यांच्या कोचावर पसरणारा तू, आता स्वप्नांना वळण लावणार! पण झोप येणार असेल तर खुशाल बटणं दाब. काम मात्र सोडू नकोस.

माया तीच आहे, पत्रं तेवढी वाढव.
ताई

ता. २ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बसून वाच. काल भरदुपारी नव्या इमारतीच्या गच्चीवरच्या खोलीत शिरलो आणि सवयीने बटण दाबलं. दिवा लागला नाही. शेजारची बटणंही दाबून पाहिली. काही नाही. मला कोण आनंद झाला! जमलं, हे स्वप्नच. बाहेर आलो आणि कठड्यावर चढायला पाय उचलला.

तेवढ्यात मांडीला काहीतरी टोचलं. खिशात फ्यूज होता. ताई, सकाळी तो मीच काढला होता. लाइनवर काम करताना फ्यूज काढून आपल्याच खिशात ठेवायचा, म्हणजे दुसरं कोणी चुकून वीज सुरू करत नाही, ही उस्तादांची शिकवण. वीज मीच बंद केली आणि मीच विसरलो. पाय मागे घेतला आणि कठड्यापासून लांब जाऊन बसलो. आज कामावर गेलोच नाही, इतक्यात जाणारही नाही.

रागावलीस तरी लोभ ठेव.
धाकोबा

ता. ६ मार्च

चि. धाकोबास,
अ. उ. आ.

पायाखालची जमीन सरकली माझ्या. गॅसवरचं दूध करपलं, घरभर वास सुटला, तरी मला उठवेना. तुझे भाऊजी काय झालं म्हणून विचारत होते, मी पत्रच त्यांच्या हातात दिलं. उस्तादांनीच तुला मागे ओढलं, असं मी मानते.

खेळ बंद कर म्हणत नाही, तू ऐकणार नाहीस. पण माझी शपथ आहे. जागेपणी असो की झोपेत, कठड्यावर पाय ठेवायचा नाही. स्वप्नातसुद्धा जिन्यानेच उतरायचं.

उलट टपाली लिही. तोवर माझा जीव थाऱ्यावर नाही.
ताई

ता. २३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल जमलं. उस्ताद कठड्यापाशी उभे होते. बटण दाबलं, दिवा लागला नाही. खिसा चाचपला, फ्यूज नव्हता. म्हणजे स्वप्नच, अगदी पक्कं. उडी टाकली असती तर उडालो असतो गं. पण तुझी शपथ होती.

मग ते पडायची वाटच बघितली नाही. सरळ जाऊन त्यांचा हात धरला आणि आम्ही दोघं जिन्याने खाली उतरलो. गुडघे दुखतात म्हणून ते सगळे मजले कुरकुरत होते.

जाग आली तेव्हा ऊन अंगावर आलं होतं. उद्यापासून पुन्हा कामावर जातोय.

तुझ्या लोभावरच उतरलेला,
धाकोबा