कापूस अडकला ती जागा

२ फेब्रुवारी, रविवार

चिठ्ठी बदलून मिळत नाही! विचारलं मी. तीनदा विचारलं.

पाळकसाहेबांनी आज चर्चमध्ये बिस्किटांच्या जुन्या डब्यातून घड्या घातलेल्या चिठ्ठ्या आणल्या होत्या. प्रत्येक चिठ्ठीत देवाची एक आज्ञा. ज्याला जी निघेल ती त्यानं महिनाभर पाळायची — घरात, कामावर, जिन्यात. "देवाचा मान गाण्यात ठेवता, आता जरा वागण्यात ठेवा," म्हणाले. आणि महिना निवडला फेब्रुवारी, सगळ्यांत लहान! माणूस हुशार आहे.

ह्यांना निघालं — नेहमी आनंदी राहा. ह्यांना! वीज कंपनीच्या तक्रार-खिडकीवर अठरा वर्षं बसून ज्यांचा चेहराच तक्रारीचा झालाय त्यांना! सासूबाईंना — ऐकायला चपळ आणि बोलायला सावकाश. तिथेच बाकावर हसून हसून माझ्या पोटात कळ आली. मग माझी उघडली. वैऱ्यावर प्रेम कर.

मी म्हटलं, "पाळकसाहेब, मला वैरीच नाही हो. ही वाया जाईल." ते म्हणाले, "बघा सापडतोय का."

घरी आले, भांडी घासता घासता गाणं सुरू केलं. दुसऱ्या ओळीला वरच्या मजल्यावरून काठी — ठक ठक ठक! सासूबाईंनी आधी छताकडे बघितलं, मग माझ्याकडे. बोलल्या मात्र काही नाहीत.

सापडला वैरी.

३ फेब्रुवारी, सोमवार

हे खिडकीवर दिवसभर हसत बसले. तीन दिवस वीज नसलेला एक माणूस आला, ह्यांचं हसू बघून त्याचा पारा असा चढला की साहेबांना बोलवावं लागलं. "आनंदी राहायचं म्हणजे दात काढायचे असं नाही हो," मी म्हटलं. तर म्हणे, "मग कसं करतात?" खरंच विचारत होते! बावीस वर्षांच्या संसारात इतका गोड प्रश्न त्यांनी मला कधी विचारला नव्हता.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सासूबाई दिवसभरात अकरा शब्द बोलल्या. मी मोजले. शेजारीण विचारून गेली, तब्येत बरी आहे ना?

६ फेब्रुवारी, गुरुवार

काठीवाल्यांना जिन्यात गाठलं. "काका, नमस्कार!" त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. स्क्रूच्या कारखान्यात मालाची तपासणी करायचे ते, आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेतला. मी बहुतेक नापास झाले. तोंड न उघडताच वर गेले. उघडतच नाहीत, तोंडात एक दात शिल्लक नाही. त्यांचं सगळं बोलणं काठीनं नाहीतर सोसायटीच्या फळ्यावर नोटीस लावून.

लिहायचं नव्हतं, पण ही वही माझी आहे, लिहिते. मामंजी गेले त्या दुपारी त्यांच्या उशाशी बसून आम्ही त्यांची आवडती गाणी म्हणत होतो. तेव्हाही वरून काठी वाजली होती. तीन वर्षं झाली. देवा, प्रेम कर म्हणतोस, नमस्कारावर भागत नाही का रे?

८ फेब्रुवारी, शनिवार

त्यांची पिशवी उचलायला गेले. त्यांनी खेचली. मी खेचली. दोन कांदे जिन्यावरून गडगडत थेट दारापर्यंत! पळत जाऊन आणून दिले. त्यांनी दोन्ही फिरवून फिरवून बघितले, कुठे लागलंय का ते. मी खाली येऊन उशीत तोंड खुपसून हसले. प्रेम जमत नसेल, पण करमणूक पुष्कळ होतेय!

११ फेब्रुवारी, मंगळवार

देवाला विनोद कळतो. शंभर टक्के कळतो!

आज आमच्या दातांच्या लॅबमध्ये मालकांनी माझ्या टेबलावर नवीन काम ठेवलं. "डॉक्टरबाईंनी तुमच्याकडेच द्यायला सांगितलंय." माझ्या हाताची ख्याती, म्हटलं, दुसरं काय! पूर्ण कवळी, वरची आणि खालची. चिठ्ठीवरचं नाव वाचलं आणि मी किंचाळलेच. मालक धावत आले, त्यांना वाटलं बोट कापलं.

काठीवाल्यांचे दात! माझ्या हातात! त्यांच्या हिरड्यांचं प्लास्टर माझ्यासमोर, उघडं आणि गप्प. आता काय ठोकशील, म्हटलं.

सोबत तरुणपणचा फोटो पाठवलाय, पूर्वीचे दात कसे होते ते कळावं म्हणून. फोटोत ते हसतायत! पुढच्या दोन दातांमध्ये बारीकशी फट. दुसऱ्या कुणाला मी ती फट ठेवली नसती, सरळ ओळ लावायला पाव वेळ लागतो. पण आज पाच वेळा मेण वितळवलं, पाच वेळा दात बसवले, फट हुबेहूब येईपर्यंत. आणि वर गात होते! इथे ठोकायला कोण येतंय?

१२ फेब्रुवारी, बुधवार

मेणातले दात डॉक्टरबाईंकडे जाऊन आले. पसंत! मी हवेत.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी फळ्यावर नोटीस. "पहिल्या मजल्यावरील वयस्कर महिलेने जिन्यात स्टूल टाकून बसू नये. ये-जा करणाऱ्यांस अडथळा होतो." त्यांचंच अक्षर, छापल्यासारखं.

सासूबाई तिथे उन्हासाठी बसतात. आमच्या घरात ऊन येत नाही. मला वाटलं आता इमारत हादरणार. पण त्यांनी नोटीस वाचली, स्टूल उचललं आणि आत आल्या. एक अक्षर बोलल्या नाहीत. चिठ्ठी पाळत होत्या. मला ते बघवलं नाही.

लॅबमध्ये कवळी तयार झाली होती. घासली, चकचकीत केली. इतकी सुंदर झालीय की मालकांनी दिव्याखाली धरून शीळ घातली. शेवटी आतल्या बाजूनं, हिरडीवर बसते तिथून, कापसाचा बोळा फिरवायचा असतो. बोटाला न कळणारी गाठ कापसाला कळते, तंतू अडकतो.

अडकला. खालच्या कवळीत, डावीकडे. बारीक गाठ, साखरेच्या दाण्याएवढी. मशीन लावलं की दोन मिनिटांचं काम.

मी तंतू उपटला आणि डबी बंद केली.

एवढंसं तर आहे. डॉक्टरबाई बघतीलच की.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज फार आनंदात आहे. सगळे पडदे धुतले. पलंगाखालून झाडलं. हे म्हणाले, "माझी चिठ्ठी तू कशाला पाळतेस?"

१६ फेब्रुवारी, रविवार

प्रभुभोजन होतं. भाकरीचा तुकडा हातात आला आणि तोंडात घालवेना. तसाच धरून बसले, मऊ होऊन चुरा झाला. खाई त्याला खवखवे म्हणतात, मला न खाताच खवखवलं.

बाहेर पाळकसाहेबांना म्हटलं, "माझी चिठ्ठी फार अवघड आहे. मी आनंदाची घेते, ह्यांना तशीही झेपत नाही." ते म्हणाले, "आज्ञा पाळायला अवघड वाटतेय, की मोडल्यावर जड वाटतेय?" आणि दुसऱ्यांशी बोलायला निघून गेले! असं बोलून कोण निघून जातं?

१७ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरबाईंनी आज त्यांना दात बसवले. येताना सफरचंदं घेऊन आले. आम्ही सगळे खिडकीत. सासूबाई म्हणाल्या, "चावू दे बाई. किती वर्षांनी." आजचे शब्द पाच, आणि तेही त्यांच्यासाठी! मला बाथरूममध्ये जाऊन नळ सोडावा लागला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

संध्याकाळी त्यांच्या दारावरून गच्चीत कपडे काढायला गेले. दार उघडं होतं. टेबलाशी बसून दुधात पाव बुडवून खात होते, उजवीकडून, डोळे मिटून. सफरचंदं टोपलीत तशीच. शेजारी रुमाल, रुमालावर लाल डाग.

डॉक्टरांकडे का जात नाहीत? एका शब्दाची नोटीस का लावत नाहीत? हा माणूस कांद्याला लागलंय का बघतो!

१९ फेब्रुवारी, बुधवार

गेले.

कामावर निघायच्या आधी गेले, नाहीतर दिवसभरात शंभर कारणं सापडली असती. कडी वाजवली. दार उघडलं.

"काका, तुमचे दात मी केलेत."

"ठाऊक आहे." (डबीवर लॅबचं नाव असतं, त्यावरून कळलं असेल.)

"खाली डावीकडे बोचतंय ना?"

त्यांचा हात डाव्या गालावर गेला.

"तिथे गाठ आहे. मला दिसली होती. मी ठेवली."

"राहिली?"

"नाही. ठेवली. मुद्दाम. तुमची नोटीस वाचून गेले होते. चुकलं माझं, काका. फार वाईट केलं मी. देवासमोर चुकलं आणि तुमच्यासमोरही."

मला वाटलं आता काठी पाठीत बसणार. बसली असती तर बरं झालं असतं! पण ते नुसते उभे राहिले. चेहरा असा पडला की मला वाटलं, अजून काहीतरी मोडलंय, दातांपेक्षा मोठं. मग आत गेले, दोन्ही कवळ्या पेल्यात घालून आणल्या आणि माझ्या हातात दिल्या. रिकाम्या तोंडानं एकच विचारलं, "कधी?"

"आजच. जेवायच्या सुट्टीत करते, संध्याकाळी आणून देते."

जिन्यातून उतरताना पेल्यात दात किणकिणत होते. मला रडू येत होतं आणि हसूही! कुणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, बाई म्हाताऱ्याचे दात चोरून पळतेय.

त्याच दिवशी, नंतर

मालकांना सांगूनच मशीन चालू केलं. लपवून केलं असतं तर ते पुन्हा तसलंच झालं असतं. मालकांनी आधी मला खुळ्यात काढलं, मग तोंडाचा पट्टा सोडला. "बारा वर्षं! बारा वर्षं तुमचं काम मी न बघता पाठवतो!" ते मात्र काळजात गेलं. उद्यापासून कवळ्यांना हात लावायचा नाही, महिनाभर प्लास्टर ओतायचं. डॉक्टरबाईंना फोनही त्यांनी माझ्यासमोरच केला.

गाठ काढली. दोन मिनिटं लागली. कापूस सतरा वेळा फिरवला.

संध्याकाळी नेऊन दिले. त्यांनी पाठ फिरवून बसवले, जबडा दोनदा मिटला, तीनदा मिटला. "हं," म्हणाले. दार बंद.

हं! एवढंच! आणि मी जिन्यात दोन पायऱ्या एका उडीत! बेचाळीस वर्षांची बाई! नोकरीत खाली उतरले, तोंडावर दार बंद झालं, आणि पोटात नुसत्या गुदगुल्या. आज्ञा पाळल्यावर असं वाटतं हे आधी कुणी का नाही सांगितलं? रोज पाळली असती!

२० फेब्रुवारी, गुरुवार

प्लास्टर. केसांत प्लास्टर, कानात प्लास्टर, डब्यातल्या पावावर प्लास्टर. गाणी चालू.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज भाकरी घशाखाली उतरली.

घरी येऊन भांडी घासताना गायला लागले. मनात होतं, आता काठी वाजायची नाही. ठक ठक ठक! दुसऱ्या ओळीलाच! आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो आणि हे हसले. खिडकीवरचं नाही, खरं हसू, खांदे हलेपर्यंत. सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी. "ऐकायला येतंय, ऐकायला येतंय!" त्या छताकडे बघून ओरडल्या. चिठ्ठी मोडली त्यांनी, पण तेवढी देव माफ करेल.

मी आवाज थोडा कमी केला. प्रेमापोटी. थोडाच.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

डॉक्टरबाई आज स्वतः मापं घेऊन लॅबमध्ये आल्या. मी कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. मला वाटलं, आता उरलेलं बोलून घेतील. त्या म्हणाल्या, "काका काल तपासायला आले होते. काही त्रास झाला का विचारलं, तर नाही म्हणाले. तुमचं नावसुद्धा काढलं नाही." आणि मग जाता जाता म्हणाल्या, "त्यांनी डिसेंबरातच मला बजावलं होतं, दात खालच्या बाईच्याच हातचे पाहिजेत, नाहीतर नकोत. मी म्हटलं, अहो, तुमचं तर पटत नाही ना त्यांच्याशी? तर म्हणाले — भांडकुदळ आहे, पण काम खोटं करणार नाही."

डिसेंबरात. आणि त्यांना तर कुणी चिठ्ठीही दिली नव्हती.