ठेंगूच्या मुळावर कोण उठलंय?

४ एप्रिल

फोटोसाहेब आज पुन्हा झाडं लावून गेले! भर उन्हाळ्यात! आमच्या झाडमंडळाचे अध्यक्ष ते. खड्डे गेल्या वर्षीचेच, कुदळ तीच, हसू तेच — रोपं तेवढी नवी. जुनी कुठे गेली, हे कोणी विचारलं नाही. मी विचारलं. "ताई, आजच्या आनंदाच्या दिवशी कशाला ते?" आनंद कसला डोंबलाचा! यांचे हात फोटोपुरते मळतात, पाणी घालून कंबर आमची मोडते.

त्या अख्ख्या रांगेतलं एकच झाड जगलंय — कोपऱ्यावरचं. मी त्याला ठेंगू म्हणते. तीन उन्हाळे त्याला पोराबाळासारखं सांभाळलंय. आता कुठे माझ्या खांद्याला लागलाय.

घरी येऊन सगळं यांना सांगितलं. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "लष्कराच्या भाकऱ्या!" मी भांडी जरा जोरातच आपटली.

७ एप्रिल

नळाला एक दिवसाआड पाणी. नव्या रोपांनी माना टाकल्या. नव्याचे नऊ दिवससुद्धा झाले नाहीत! सभेत मीच सुचवलं — वापरलेलं पाणी गटारात ओतू नका, झाडांना घाला. पाट्याही मीच रंगवल्या. एक ठेंगूच्या जाळीला बांधली.

९ एप्रिल

कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानदारानं अडवलं. "बाई, तुमच्या झाडानं माझा दाराशेजारचा बोर्ड झाकलाय. गिऱ्हाइकाला दुकानच दिसत नाही."

मी म्हटलं, "एवढा मोठा बोर्ड ज्याला दिसत नाही, तोच तर तुमचं खरं गिऱ्हाईक!"

रस्ता हसला. चष्मेवाला लालबुंद. मला फार बरं वाटलं.

१५ एप्रिल

ठेंगूची पानं कडेनं करपलीत. तहानेनं म्हणावं तर माती चांगली ओली! मग झालंय काय?

१६ एप्रिल

आणखी पानं गळली. चष्मेवाल्यानं आज आपणहून नमस्कार केला. खाई त्याला खवखवे!

१८ एप्रिल

भाचीला बोलावून आणलं. ती माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे. बुंध्याजवळचा पांढरा पापुद्रा तिनं डबीत भरून नेला आणि संध्याकाळी फोन केला. "मावशी, मीठ आहे गं हे. कुणीतरी खारं पाणी ओततंय, तेही रोज. ते थांबलं आणि भरपूर गोडं पाणी मुरवलंस तर वाचेल. अजून आठवडाभर असंच चाललं, तर आशा सोड."

तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच दुकानात शिरले. गिऱ्हाइकं बसली होती, बसू देत! "दिवसाढवळ्या झाडाचा जीव घ्यायचा आणि लोकांचे डोळे तपासायचे! स्वतःचे तपासा आधी!"

तो उभाच राहिला. "बाई, आईशपथ, मी कशाला मीठ घालू? बोर्डच वर सरकवायला माणूस सांगितलाय मी."

चोराच्या उलट्या बोंबा! बोर्ड सरकवतोय म्हणे. बाहेर पडले आणि रडूच आलं. एवढुसं होतं ते झाड, वाटीनं पाणी घालून वाढवलंय मी. यांना मिठाचं काही सांगितलंच नाही; पुन्हा लष्कराच्या भाकऱ्याच काढतील.

१९ एप्रिल

आमच्याकडेच मंडळाची बैठक. रविवारी दहा वाजता दुकानासमोर निदर्शनं! फोटोसाहेब लगेच तयार — पेपरवाले येणार ना! फलक मी लिहिले. 'झाडमाऱ्यावर बहिष्कार!' लाल रंग कमी पडला, शेजारणीकडून आणला.

दारात उभे राहून हे म्हणाले, "अगं, पण पुरावा काय? बिचाऱ्याचा धंदा बसेल."

सगळ्यांदेखत मी सुनावलं, "तुम्ही या रस्त्यावरच्या एका तरी झाडाला कधी पेलाभर पाणी घातलंय? मग बोलू नका!"

काहीतरी बोलणार होते. मग नुसतेच हसले आणि आत गेले. माणसानं इतकंही कोडगं असू नये.

२० एप्रिल

ठेंगूला आज फक्त शेंड्याची पानं उरलीत. उद्या त्या माणसाला सोडत नाही!

२१ एप्रिल, रविवार

उजाडताच गोडं पाणी घेऊन गेले. ठेंगूशी कोणीतरी बादली घेऊन वाकलेलं. धावले — तर हे!

"सापडलो म्हणायचं!" हे लहान मुलासारखे हसले. "तू उठायच्या आत रोज घालून येतो. तुझीच पाटी वाचली ना! झोपताना पाय शेकतो, ते पाणी गटारात कशाला घालवायचं? चांगलं मूठ-दोन मूठ मीठ असतं त्यात. झाडालाही ताकद!"

सुजलेल्या पायांनी जिना उतरून, रोज. बादली काढून घेतली आणि म्हटलं, "उद्यापासून मी घालत जाईन." आणि आणलेलं सगळं गोडं पाणी ठेंगूच्या मुळाशी ओतलं.

निघायची वेळ झाली. फलक दाराशी आहेत. आणि हे इस्त्रीचा शर्ट घालून बसलेत. म्हणतात, "आज मीही येतो. एक फलक माझ्याकडे दे."