तांब्यात तीन ऋतू

॥ श्री ॥
सिन्नर, १४ सप्टेंबर २०२५

चि. सौ. उत्तरास,
दादाचे अनेक आशीर्वाद.

अण्णा जाऊन वर्ष झालं. तू मनासारखं लग्न केलंस तेव्हा त्यांनी शपथ घातली होती, तिच्याशी बोलेल तो माझा नाही. अकरा वर्षं मी ती पाळली.

परवा नाशिकला प्रदर्शनात तुझं फुलांचं चित्र पाहिलं. मागे दाट काळोख, एका बाजूनं उजेड, हाताला लागेल अशी पाकळी. शाळेत तुझ्या मोराला सगळे कोंबडी म्हणायचे, ते आठवून हसू आलं.

मग तांब्या दिसला. मी आडात पाडून पोचा आणलेला, तोच. तो रामकुंडावर वाहून गेला, असं अण्णा म्हणाले होते. तुझ्याकडे कसा? आणि मोगरा, तेरडा, शेवंती एका वेळी कुठे फुलतात?

पत्ता प्रदर्शनातल्या बाईंनी दिला. कळव.

तुझा दादा,
निवृत्ती

नाशिक, १९ सप्टेंबर २०२५

ती. दादास,
उत्तराचा शि. सा. न. वि. वि.

तुझं अक्षर पाहिलं आणि तासभर पाकीट फोडलंच नाही.

युरोपातले जुने चित्रकार असंच करत. ज्या ऋतूत जे फूल मिळेल ते रंगवायचं, बाकीची जागा मोकळी ठेवायची. माझी फुलं आपल्याच अंगणातली. दर एकादशीला अण्णा आणायचे. लग्नानंतर दोन वर्षांनी दारात उभे राहिले, मग येतच राहिले. तांब्याही त्यांनीच दिला. दादाला सांगा म्हणून मी हात जोडले. म्हणायचे, निवृत्ती माझा शब्द माझ्याहून घट्ट पाळतो, त्याला कोणत्या तोंडानं सांगू?

गेल्या वर्षी लागोपाठ दोन एकादशा आले नाहीत, तेव्हा अण्णा गेले हे मी समजले.

भाऊबीजेला ये. राग असला तरी लोभ असू दे.

तुझी,
उत्तरा

॥ श्री ॥
सिन्नर, ३ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. उत्तरास,
आशीर्वाद.

पत्र देवापुढे बसून दोनदा वाचलं.

ती फुलं मी काढायचो. पहाटे अंघोळ करून, काळारामाला वाहायची म्हणून, केळीच्या पानात बांधून अण्णांच्या हाती द्यायचो. त्यांच्याच शब्दाखातर तुझ्या राख्या न उघडता परत पाठवल्या. माझ्या सईनं लग्नात आत्याला बोलवा म्हणून हट्ट धरला, तेव्हा उभ्या नवरीवर मी हात उगारला. अण्णा शेजारी जप करत होते. माळ थांबली नाही.

फुलं तुझ्याकडे गेली याचं वाईट वाटत नाही. देवाला पोचली असंच धरतो. पण पोरीच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या एकट्याच्या खात्यावर राहिलं.

भाऊबीजेला येईन. तांब्याचं चित्र प्रदर्शनातून घरी आलं असेल, तर तेवढा दिवस ते भिंतीवरून उतरवून ठेव. तुझ्याशी बोलेन, अण्णांशी माझा सध्या अबोला आहे.

लोभ राहू दे.

तुझा दादा